बारा तास लॉगिन, आणि काम?

सप्रेम नमस्कार,

तुझा मेल वाचला. कराडच्या घरात बसून सॉफ्टवेअरचं काम, सकाळी नऊला लॉगिन, रात्री साडेनऊला शेवटचा कॉल, आणि तरी टिकटं, म्हणजे नेमून दिलेली कामं, या स्प्रिंटमधून त्या स्प्रिंटमध्ये, एका ठरलेल्या टप्प्यातून पुढच्या टप्प्यात, सरकताहेत. 'मी आळशी झालेय का?' असं विचारलंस. अगं, आळशी माणूस बारा तास खुर्चीत बसेल का? तू बसतेस, पण त्या बारा तासांत कोड लिहायला किती मिळतात ते कधी मोजलंयस?

तुझ्यासारख्यांचा हिशेब अर्थशास्त्रज्ञांनी मांडलेला आहे. गिब्ज, मेंगल आणि सीमरोथ या तिघांनी आशियातल्या एका मोठ्या आयटी सेवा कंपनीतल्या दहा हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली, कोविडआधीची आणि घरून काम सुरू झाल्यानंतरची. २०२३ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे लोकांचे कामाचे तास वाढले, हातून झालेलं काम मात्र किंचित घटलं. म्हणजे उत्पादकता, दर तासाला होणारं काम, ८ ते १९ टक्क्यांनी खाली आली. कारण काय, तर मीटिंगा आणि समन्वयाचा वेळ वाढला, सलग विनाव्यत्यय मिळणारे तास आटले, आणि वरिष्ठांशी एकट्याने होणारं बोलणं कमी झालं. घरात लहान मुलं असलेल्यांचे हाल अधिक. तुझ्याकडे तो भाग नाही, बाकी सगळं जसंच्या तसं आहे.

आता मागच्या आठवड्याचं कॅलेंडर उघड आणि दोन तासांचा सलग मोकळा पट्टा किती वेळा मिळाला ते बघ. माझा अंदाज, एकदाही नाही. तुमचा क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. त्यांचं घड्याळ आपल्या मागे साडेनऊ ते साडेदहा तास, त्यामुळे संध्याकाळ त्यांची, ते ठीकच. पण अमेरिका झोपलेली असते ती सकाळही तुम्ही आपसातल्या कॉलांवर घालवता. दहाला स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, साडेअकराला 'क्विक सिंक', बाराला कुणीतरी डिझाइन दाखवणार. मधल्या पाऊण तासात कोड डोक्यात पुरता उतरतही नाही, तोवर पुढच्या कॉलची घंटी वाजते. टीम लीडला सरळ सांग की स्टँडअप साडेबाराला घेऊ आणि त्याआधी कुणी कुणाला कॉल लावायचा नाही. एकटीने मागितलंस तर नखरे वाटतील. टीममधल्या दोघा-तिघांना सोबत घे.

पण मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. बिल्ड फुटला, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्रामच तयार होईना, म्हणून अख्खी दुपार गेली, असं तू सहज एका ओळीत लिहून गेलीस. पुण्यात हिंजवडीच्या ऑफिसात बसली असतीस तर खुर्ची मागे सरकवून शेजारच्याला 'जरा बघ ना' म्हणाली असतीस आणि पाच मिनिटांत सुटली असतीस. कराडच्या घरातून तेच विचारायचं तर चॅट उघडा, 'हाय सर' लिहा, समोरचा कॉलवर आहे का बघा, मग 'हे विचारणं बावळटपणाचं तर नाही ना' असा विचार करा. शेवटी विचारायचंच राहून जातं. प्रत्येक प्रश्न असा महाग झाला की माणूस प्रश्नच कमी विचारतो, आणि नव्या माणसाचं शिकणं तर प्रश्नांवरच चालतं. एका मोठ्या अमेरिकी कंपनीतल्या सॉफ्टवेअर अभियंत्यांवर एमॅन्युएल, हॅरिंग्टन आणि पॅले यांनी अभ्यास केला. एकाच इमारतीत बसणाऱ्या टीमना कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासताना, एकमेकांकडून जास्त शेरे मिळत होते, आणि याचा सगळ्यात जास्त फायदा नव्यांना आणि स्त्री-अभियंत्यांना होत होता. त्याची किंमत मोजत होते ते सीनियर, कारण शिकवण्यात त्यांचं स्वतःचं काम मागे पडत होतं. तुझे सीनियर घरून काम करताना खूश का असतात, हे त्यातून तुला कळेल!

म्हणून नुसतं 'हाय' लिहून वाट बघणं आजपासून बंद. अर्धा तास अडकलीस की पूर्ण प्रश्न एकाच मेसेजमध्ये लिही: काय करत होतीस, कोणती एरर आली, लॉगमधल्या नेमक्या ओळी कोणत्या, काय काय करून पाहिलंस, तुझा संशय कशावर आहे. आणि तो टीमच्या चॅनेलवर टाक, एखाद्याच्या खासगी चॅटमध्ये नको. चार जण बघतील, कुणी ना कुणी मोकळं असेल, आणि पुढच्या वेळी दुसरं कुणी अडकलं तर उत्तर तिथेच सापडेल. शिवाय सीनियरकडून रोज पंधरा मिनिटं स्क्रीन शेअर करून मागून घे. विषय नसला तरी चालेल. त्याचा डीबगर, कोडमधल्या चुका शोधायचं साधन, कसा चालतो ते नुसतं बघितलंस तरी पुष्कळ.

घरून काम केलं की उत्पादकता वाढते, असं तुला कुणी छातीठोकपणे सांगेल आणि चीनच्या सीट्रिप कंपनीच्या प्रयोगाचा दाखला देईल. दाखला खरा आहे. तिथे घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली होती. पण ते कॉल सेंटरचे कर्मचारी होते. एक कॉल संपला की काम संपलं, शेजारच्यावर काही अवलंबून नाही. शिवाय घरी स्वतंत्र खोली, ब्रॉडबँड आणि किमान सहा महिन्यांची नोकरी ही अट होती, आणि आठवड्यातून एक दिवस ऑफिसला यावंच लागे. तुझं टेबल हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. तेव्हा आधी खोली मिळव, दार लागणारी. राउटरला छोटा यूपीएस लाव; महावितरणची वीज गेली तरी कॉल तुटणार नाही. 'घरी आहे म्हणजे मोकळी आहे' हे आईच्या डोक्यातून जायला वेळ लागेल. तिला कामाच्या वेळा कागदावर लिहून दे, वाद घालू नकोस.

चेन्नईत डेटा एन्ट्रीच्या कामावर झालेल्या एका प्रयोगात घरून काम करणारे ऑफिसवाल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी मागे पडले. त्यातही ज्यांना मुळात घरूनच काम हवं होतं, त्यांची घसरण जास्त होती. आवड आणि सोय या गोष्टी वेगळ्या, एवढं तू यातून घे.

चॅटवर 'ऑनलाइन' दाखवणाऱ्या हिरव्या ठिपक्यासाठी माउस हलवत बसणाऱ्यांच्या नादी लागू नकोस, आणि तो ठिपका बघून माणसं मोजणाऱ्या मॅनेजरचं मनावर घेऊ नकोस.

सगळं सोडून पुण्यात ये, असं मी म्हणणार नाही. भाडी मला माहीत आहेत. त्याच सीट्रिपने, आता तिचं नाव ट्रिप डॉट कॉम, २०२१-२२ मध्ये सोळाशेहून जास्त लोकांवर आणखी एक प्रयोग केला. त्यात अभियंतेही होते. आठवड्याचे दोन दिवस घरून, तीन दिवस ऑफिस. कामगिरीत आणि बढतीत फरक पडला नाही, नोकरी सोडणारे मात्र एक तृतीयांशाने घटले. दर आठवड्याला कराड-हिंजवडी तुला झेपणार नाही, पण स्प्रिंट प्लॅनिंगचा आठवडा धरून महिन्यातून चार-पाच दिवस येऊन राहणं जमेल. आत्याचं घर वाकडला आहेच. फक्त तुझा सीनियर कोणत्या दिवशी येणार ते आधी विचारून घे, नाहीतर रिकाम्या क्युबिकलमध्ये बसून पुन्हा टीम्सच्या व्हिडिओ कॉलवरच बोलत बसशील.

लीडला काय लिहिणार आहेस त्याचा मसुदा मला रविवारपर्यंत पाठव. त्यात मीटिंगांचे तास आणि सलग मोकळे तास शेजारी-शेजारी मांड. नुसत्या विनंतीला लीड 'बघू' म्हणेल.

सस्नेह