अँटिसेमिटिझमवर मास्टर्स किंवा पीएचडी करायची असेल तर कुठे आणि कशी करावी?

तुम्ही विचारलंय की पुण्यात हिस्टरीत एमए झालंय, जर्मन थोडीफार येते, ज्यूद्वेष या विषयात पुढे शिकायचंय, तर याचा वेगळा कोर्स असतो का की ज्युइश स्टडीजलाच जावं लागतं, आणि घरचे म्हणतायत की आपला काय संबंध. मी हे बर्लिनमध्ये शिकलोय म्हणून लिहितोय. लांब होईल, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे ज्युइश स्टडीज वेगळं आणि हे वेगळं. तिकडे ज्यू समाज, धर्म, हिब्रू, तालमूद (त्यांचा धर्मग्रंथ) असं शिकवतात. इकडे अभ्यास असतो तो मुख्यतः ज्यू नसलेल्यांच्या डोक्यात काय चालतं त्याचा, म्हणजे ज्या गावात औषधालाही ज्यू माणूस नाही तिथेसुद्धा 'बँका, पेपर सगळं त्यांच्याच हातात' असं ठासून सांगणारी माणसं कशी तयार होतात हा यातला रोजचा प्रश्न. होलोकॉस्ट स्टडीज, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडाचा अभ्यास, हे परत तिसरं. ते शेजारी आहेत, एकमेकांची पुस्तकं वापरतात, पण अर्ज करताना यात गल्लत केलीत तर स्टेटमेंट ऑफ पर्पज वाचणाऱ्याला पहिल्याच पॅराग्राफमध्ये कळतं.

माझं ठाम मत असं की विद्यापीठ शेवटी निवडा, आधी भाषा आणि मूळ विषय ठरवा. कारण या फील्डला स्वतःची अशी एकच मेथड नाही, सगळं उधारीवर चालतं. इतिहासवाले अर्काइव्हमध्ये बसतात, समाजशास्त्रवाले सर्व्हे करतात (नाझींमुळे अमेरिकेत गेलेला अडोर्नो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रश्नावल्या देऊन हुकूमशाहीकडे झुकणारा माणूस कसा ओळखायचा यावर केलेलं काम 1950 ला छापून आलं, त्यावर लोक अजून भांडतायत), आणि भाषाशास्त्रवाले आता ऑनलाइन कमेंट्स वाचतात. बर्लिनमध्येच 2020 पासून एक प्रोजेक्ट झाला, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनीतल्या न्यूज साइट्सच्या कमेंट्स माणसांनी एकेक करून वाचायच्या, कोड करायच्या आणि मग त्यावर मॉडेल ट्रेन करायचं. शिवी मशीनला पटकन सापडते हो, पण टोमणा, आडून बोलणं, 'आम्हाला माहितीय कोण ते' टाइपचं वाक्य सापडत नाही, तिथेच सगळी मेहनत.

आता बर्लिन. तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत 1982 पासून यासाठी वेगळं सेंटर आहे, हो, इंजिनियरिंगसाठी लोक जातात तीच. तिथे या विषयाचं दोन वर्षांचं मास्टर्स आहे आणि ते जर्मनमधून आहे, इंग्लिशवर भागत नाही. तिथली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे लँगरमन अर्काइव्ह. आर्थर लँगरमन हे बेल्जियमचे हिऱ्याचे व्यापारी, लहानपणी होलोकॉस्टमधून वाचलेले, 1961 ला आइशमन या नाझी अधिकाऱ्यावर चाललेल्या खटल्यानंतर त्यांनी ज्यूद्वेषी चित्रं गोळा करायला सुरुवात केली, पोस्टर्स, पोस्टकार्डं, मूर्त्या, काय वाट्टेल ते, हजारोंनी, आणि 2019 पासून तो संग्रह युनिव्हर्सिटीकडे आहे. अशा पोस्टकार्डांचा एक ठरलेला नमुना म्हणजे फ्रँकफर्टच्या कोल्नर होफ हॉटेलची कार्डं. या हॉटेलने 1900 च्या आसपास 'फ्रँकफर्टमधलं ज्यूमुक्त हॉटेल' अशी स्वतःची जाहिरातच केली होती, नाझी सत्तेवर यायच्या तीसेक वर्षं आधी बरं का. आणि अशी कार्डं उलटून बघितली की मागे काय, तर पोचलो, हवा छान आहे, सगळ्यांना नमस्कार. सेमिनारमध्ये अशा एका कार्डावर अख्खा तास जातो, छापलं कुणी, विकत कोण घेत होतं, पोस्टमनसकट वाटेत सगळ्यांना दिसणारी ही गोष्ट पाठवताना कुणालाच लाज का वाटली नाही. द्वेष म्हणजे फक्त भाषणं आणि दंगली असं डोक्यात असेल तर ते इथे निघून जातं.

बाकी ठिकाणं पटकन सांगतो. जेरुसलेमच्या हिब्रू युनिव्हर्सिटीतलं विदाल ससून सेंटर (शॅम्पूवाले तेच). लंडनला बर्कबेक कॉलेजमध्ये या विषयाचं इन्स्टिट्यूट आहे, पीएचडीसाठी चांगलं, आणि चालत जाण्याच्या अंतरावर वीनर लायब्ररी. अल्फ्रेड वीनर हा जर्मन ज्यू, नाझींची कागदपत्रं जमवत होता, 1933 ला ॲमस्टरडॅमला पळाला, 1939 ला संग्रह घेऊन लंडनला. अमेरिकेत इंडियाना आणि येल, शिवाय फिलाडेल्फियाजवळच्या ग्रॅट्झ कॉलेजने अलीकडे ऑनलाइन मास्टर्सही काढलंय.

येलचं नाव घेतलंय तर भानगडही सांगतो. तिथे 2006 ला सुरू केलेला उपक्रम 2011 ला बंद झाला. युनिव्हर्सिटीचं म्हणणं की संशोधन त्या दर्जाचं होत नाहीये, विरोधकांचं म्हणणं की मुस्लिम जगातल्या ज्यूद्वेषावर बोललेलं झेपलं नाही म्हणून गुंडाळलं, आणि मग लगेच दुसऱ्या नावाने नवा प्रोग्राम आला. हा अभ्यास आहे की चळवळ, हे भांडण या फील्डच्या पाचवीला पुजलेलं आहे. व्याख्येवरून तर विचारूच नका. ज्यूद्वेष म्हणजे काय याची 2016 ची आयएचआरएची (होलोकॉस्टची आठवण जपणारी आंतरराष्ट्रीय संघटना) व्याख्या सरकारं वापरतात, तिच्यातल्या 11 उदाहरणांपैकी 7 इस्रायलशी जोडलेली, म्हणून 2021 ला दुसऱ्या गटाने जेरुसलेम डिक्लेरेशन नावाची वेगळी व्याख्या काढली, आणि गंमत म्हणजे पहिल्या व्याख्येचा मूळ मसुदा लिहिणारा केनेथ स्टर्न स्वतःच सांगत फिरतो की ही डेटा गोळा करायला केली होती, कॅम्पसवर लोकांची तोंडं बंद करायला नाही. ऑक्टोबर 2023 मधला हमासचा हल्ला आणि गाझाचं युद्ध यानंतर तर हे सगळं दसपट तापलंय. म्हणून गाइड निवडताना त्यांचे पेपर वाचाच, पण ते या वादात कुठे उभे आहेत तेही बघा. ते तुमच्याच मताचे असले पाहिजेत असं नाही, पण वेगळं मत असलेल्या विद्यार्थ्याला टिकू देतात का हे तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारून घ्या.

आता घरच्यांचा प्रश्न. आपल्याकडे ठरलेलं वाक्य असतं की भारतात कधी ज्यूद्वेष नव्हताच, आणि पुरावा म्हणून कोकणातले ज्यू, बेने इस्रायल (तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली), अलिबागकडे शतकानुशतकं निवांत राहिले. ते खरंच आहे. पण त्याच किनाऱ्यावर थोडं खाली गोव्यात 1560 ला इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, आलं आणि सुरुवातीच्या काळात त्याचा डोळा होता 'नव्या ख्रिश्चनां'वर, म्हणजे ज्यांचे पूर्वज पोर्तुगालमध्ये जबरदस्तीने बाटवलेले ज्यू होते. गार्सिया द ओर्ता, ज्याच्याकडे एकेकाळी मुंबईचं बेट भाड्याने होतं तोच वैद्य, 1568 ला वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला कातारिनाला गोव्यात जाळलं, आणि 1580 ला याची हाडं उकरून तीही जाळली. इथे फील्डमधला मोठा प्रश्न येतो, हा धर्माचा द्वेष की वंशाचा? बाप्तिस्मा झालेल्यालाही 'रक्त' चिकटूनच राहतं, हा विचार स्पेनमध्ये टोलेडोला 1449 मध्येच कायद्यात आला होता. जातीच्या समाजात वाढलेल्या माणसाला यावर विचारण्यासारखं बरंच सुचेल असं मला वाटतं. गोव्याच्या खटल्यांची बहुतेक कागदपत्रं नष्ट झालीत, पण 1623 पर्यंतच्या आरोपींची एक जुनी सूची लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि पत्रव्यवहार ब्राझीलमध्ये रिओला. त्यामुळे खरं सांगू का, इतिहासवाले असाल तर जर्मनवरच अडून बसू नका, पोर्तुगीजचाही विचार करा, गोवा युनिव्हर्सिटीत ती शिकता येते.

जर्मनीच ठरलं तर जर्मनची सी1 ही वरची पातळी लागेल, त्यासाठी पुण्यातलं रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्स म्युलर भवन, आणि नुसतं बोलता येऊन उपयोग नाही, जुनी पत्रं कुरेंट लिपीत असतात, ती न शिकता अर्काइव्हमध्ये जाणं म्हणजे मोडी न येता पेशवे दफ्तरात बसणं. बर्लिनमध्ये फी नाही, फक्त सेमिस्टरचं शुल्क, पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीकच पैसे काढता येतात असं खातं) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, हा आकडा बदलतो म्हणून अर्जाच्या वेळी परत बघा. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुमच्या डिग्र्या तपासून मिळणारा दाखला, भारतीयांना 2022 च्या शेवटापासून सक्तीचं आहे.

नोकरीचं विचारलं नाहीत तरी सांगतो. जर्मनीत स्मारकं, म्युझियम, शाळांसाठी वर्कशॉप घेणाऱ्या संस्था, ज्यूद्वेषी घटनांची नोंद ठेवणारी रियास, अशा ठिकाणी कामं निघतात, पण बहुतेक प्रोजेक्टवर, दोन-तीन वर्षांची, आणि भाषा एकदम पक्की लागते. भारतात परत यायचं असेल तर नोकरी या विषयावर नाही, हिस्टरी किंवा सोशिऑलॉजीवर मिळेल, म्हणून डिग्रीवर त्या विषयाचं नाव राहील असाच विभाग निवडा आणि नेट-सेटचं काय ते जायच्या आधी उरकून टाका.