वाचकांचे प्रश्न : लॉकचा दिवा लुकलुकतो, चाक मात्र एकटेच गरगरते

प्रश्न : मी नोकरीनिमित्त मस्कतला राहतो. सुटीच्या दिवशी आम्ही काही मराठी कुटुंबे इथल्या वाद्यांमध्ये, म्हणजे डोंगरांतल्या नदीपात्रांत, फोर-बाय-फोर गाड्या घेऊन जातो. माझ्या जुन्या पिकअपला मागच्या डिफरेन्शियलचे (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जुळणीचे) विजेवर चालणारे लॉक आहे. पाण्यातून एक मोठी फेरी झाल्यापासून बटण दाबले की मीटरवरचा दिवा लुकलुकत राहतो आणि वाळूत एक चाक नुसतेच गरगरते. गॅरेजवाला लॉकची अख्खी मोटार बदलायला सांगतो. त्याने सांगितलेली किंमत ऐकून मी थांबलो आहे. आधी काय तपासावे?

उत्तर : आपण थांबलात हे उत्तम केलेत. अशा तक्रारींत मोटार खरोखर निकामी झालेली असते त्यापेक्षा वायर, कनेक्टर किंवा साधा स्विच बिघडलेला असतो, असे मला पुन्हा पुन्हा आढळले आहे. आणि ती तपासणी करायला फारसा खर्चही येत नाही.

लुकलुकणारा दिवा म्हणजे बिघाड, असा समज आधी दूर करायला हवा. लुकलुकणे म्हणजे लॉक लावण्याचा हुकूम गेला आहे, पण लॉक लागल्याची खबर अजून परत आलेली नाही. तुमच्या प्रकारात मोटार एका फोर्कला (दुबेळक्या दांड्याला) ढकलते, फोर्क दातेरी स्लीव्ह, म्हणजे सरकती कडी, सरकवतो आणि ते दाते समोरच्या दात्यांत बसले की मागच्या दोन्ही चाकांचे ॲक्सल एकत्र फिरू लागतात. दात्यासमोर दाताच आला तर स्लीव्ह तिथेच अडते आणि मोटार वाट पाहत राहते. म्हणून लॉक गाडी अडकण्याच्या आधी लावावे, आणि लावल्यावर गाडी अगदी सावकाश, स्टेअरिंग किंचित डावी-उजवीकडे करत काही फूट चालवावी. बऱ्याच गाड्यांत लो रेंज (सावकाश पण जास्त ओढीने चालवणारे गिअर) घातल्याशिवाय आणि वेग ठरावीक मर्यादेखाली असल्याशिवाय लॉकचा हुकूम पुढे जातच नाही, तेव्हा गाडीच्या पुस्तिकेतल्या अटीही एकदा वाचाव्यात. सपाट मुरमाड जागेवर हे सगळे करूनही दिवा स्थिर होत नसेल, तरच बिघाड शोधायला बसावे.

त्यानंतर लॉक प्रत्यक्ष लागते की नाही, हे दिव्यावर विसंबून न राहता डोळ्यांनी पाहावे. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, मागची दोन्ही चाके उचलून ॲक्सल स्टँडवर टेकवावा (नुसत्या जॅकवर कधीही नाही), लो रेंज आणि गिअर घालून इंजिन बंद ठेवावे, हँडब्रेक सोडावा आणि इग्निशन चालू करावे. आता एक मागचे चाक हाताने फिरवले की लॉक नसताना दुसरे चाक उलट दिशेने फिरते. सोबतच्या माणसाने बटण दाबल्यावर तेच चाक हळूहळू मागे-पुढे करावे. लॉक लागले तर चाक थोडेसे हलून ठाम अडते. चाक अडले आणि दिवा तरीही लुकलुकत असेल, तर लॉक ठणठणीत आहे आणि बिघाड फक्त खबर देणाऱ्या पोझिशन स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. तुमचे चाक वाळूत एकटे फिरते म्हणता, त्यामुळे बहुधा तसे नसावे. तरीही पाहावे, कारण दुसरे चाक खरोखर थांबलेले होते का, हे आत बसलेल्या माणसाला कळत नाही.

चाक अडले नाही, तर ॲक्सलजवळ कान लावावा. बटण दाबताच क्षणभर ‘घर्र’ असा आवाज आला तर वीज पोचते आणि मोटार फिरते. मग अडचण फोर्कमध्ये किंवा मोटारीपुढच्या गिअरमध्ये असते. काहीच आवाज आला नाही तर फ्यूज आणि रिले (विजेनेच चालू-बंद होणारा स्विच) पाहून थेट ॲक्सलवरच्या कनेक्टरकडे जावे. इथे बहुतेकांची एक चूक होते. कनेक्टर काढून मल्टिमीटर लावतात, बारा व्होल्ट दिसतात आणि ‘करंट येतोय, म्हणजे मोटारच गेली’ असा निष्कर्ष निघतो. मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे वायरीतली एकच तार शाबूत असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो.

मागच्या पावसाळ्यात माझ्यापुढे आलेल्या एका गाडीत नेमके हेच होते. मल्टिमीटरवर १२.४ व्होल्ट, पण त्याच वायरीला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला तर त्याची तार नुसती तांबूस झाली. वायरीवरचे आवरण सोलत गेलो, तेव्हा कनेक्टरपासून वीतभर आतपर्यंत तांबे काळे पडलेले होते आणि टोकाला पितळेच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक होता. जिवंत तारा दोन-तीनच उरल्या होत्या. तेवढा तुकडा कापून नवी वायर झाळून जोडली आणि लॉक पहिल्याच दाबाला लागले. म्हणून व्होल्टेज नेहमी भार असताना मोजावे : कनेक्टर जोडलेला ठेवून, मागच्या बाजूने मीटरची सुई घालून, दुसऱ्याने बटण दाबलेल्या क्षणी. बॅटरीपेक्षा ते एखाद्या व्होल्टपेक्षा जास्त कमी भरले तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे, आणि तितक्याच काळजीने अर्थिंगची बाजूही मोजावी, कारण चेसीवरचा गंजलेला बोल्ट हेच काम बिनबोभाट करतो.

वीज पूर्ण पोचूनही मोटार गप्प असेल, तरच ती उतरवावी. पाणी शिरून आत गंज धरला असेल तर साफसफाई, नवे ग्रीस आणि नवे सील एवढ्यावर ती पुष्कळदा चालू होते. उतरवण्यापूर्वी गिअर आणि त्याने सरकणाऱ्या रॅकच्या (दातेरी पट्टीच्या) जागेवर खूण करून ठेवावी; एक दाता मागे-पुढे बसला तर लॉक अर्धेच लागते आणि नवा घोळ सुरू होतो.

पाणी आत कसे गेले याचेही उत्तर द्यायला हवे, नाहीतर हीच तक्रार परत येईल. उन्हातून धावून तापलेला ॲक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (ॲक्सलमधली हवा आत-बाहेर होण्याची वाट) चिखलाने बुजलेला असेल तर ती सीलमधून पाणी ओढून घेते. डिफरेन्शियलचे ऑइल काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर बदलावे, ब्रीदर मोकळा करावा आणि त्याला नळी जोडून ती पाणी पोचणार नाही इतक्या उंचीवर न्यावी.

प्रश्न : चंदगड भागात शेतावर जाण्यासाठी मी पिकअपला विद्युतचुंबकावर चालणारे लॉक बाहेरून बसवून घेतले आहे. चिखलातून निघाल्यावर बटण बंद केले तरी डांबरी रस्त्यावर वळताना मागून कटकट आवाज येतो आणि गाडी ओढल्यासारखी वाटते. लॉक सुटत नसावे काय?

उत्तर : सुटत नाही, अशीच लक्षणे आहेत. दोन्ही चाकांच्या मधल्या ताणामुळे लॉकचे भाग एकमेकांत दाबून राहतात आणि नुसता करंट बंद झाल्याने ते सुटतीलच असे नाही. मऊ जमिनीवर स्टेअरिंग सरळ ठेवून थोडे मागे, मग थोडे पुढे न्यावे. ताण सैल झाला की लॉक बहुधा सुटते. तुमच्या प्रकारात लॉक लागलेले असेपर्यंत करंट सतत वाहतो, त्यामुळे पुढची परीक्षा सोपी आहे. ॲक्सलवरचा कनेक्टर काढून तेच पुन्हा करावे. आता लॉक सुटले तर रिलेचे पॉइंट चिकटले आहेत किंवा वायर कुठेतरी शॉर्ट आहे. तरीही सुटले नाही तर आतली परतीची स्प्रिंग किंवा लॉकचे भाग पाहण्यासाठी डिफरेन्शियल उघडावे लागेल. तोवर डांबरी रस्त्यावर गाडी नेऊ नये. वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळे अंतर कापायचे असते, आणि ते कापता आले नाही तर टायर घासतात व ॲक्सलवर विनाकारण जोर येतो.

प्रश्न : माझ्या थारला डिफरेन्शियल लॉक आहे असे विक्रीच्या वेळी सांगितले होते, पण त्याचे बटणच सापडत नाही. वायरिंग तुटले असेल का?

उत्तर : वायरिंग शोधू नका. २०२० नंतरच्या थारच्या काही आवृत्त्यांत ईटन कंपनीचे यांत्रिक लॉक येते आणि त्याला बटणही नाही, वायरही नाही. मागच्या दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की ते आपोआप लागते. म्हणजे ते लागण्यासाठी एक चाक थोडेसे घसरू द्यावेच लागते. चाक घसरताच पाय उचलला तर ते लागणार नाही. ॲक्सिलरेटर हलका पण स्थिर ठेवावा, म्हणजे खालून ‘ठक्’ असा आवाज येईल आणि गाडी पुढे सरकेल.