रापलेल्या रंगाविषयी

प्रिय,

समुद्रकिनारी सुट्टीला जाण्यापूर्वी टॅनिंग बेडवर, म्हणजे अतिनील दिव्यांनी त्वचा रापवणाऱ्या पलंगावर, चार-सहा वेळा पडून त्वचेला आधीच थोडी ‘सवय’ लावून घ्यावी का, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर ‘नको’ असे आहे.

अतिनील किरणांमुळे त्वचेच्या पेशींतील डीएनएला इजा होते. ती इजा ओळखून या पेशी रंगद्रव्य तयार करणाऱ्या शेजारच्या पेशींना इशारा देतात, आणि मग दोन-तीन दिवसांत त्वचा रापते. म्हणजे ज्याला आपण तजेला समजतो, तो झालेल्या नुकसानीला शरीराने दिलेला प्रतिसाद असतो. त्या रंगातून मिळणारे संरक्षणही जेमतेम तीन-चार एसपीएफएवढेच (एसपीएफ म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचे माप) असते.

तुला हा रंग आवडतो यात तुझा दोष नाही, कारण ही आवड तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी घडली आहे. युरोपात एके काळी रापलेली कातडी ही शेतात राबणाऱ्यांची खूण मानली जाई. पुढे कष्टकरी कारखान्यांच्या छपराखाली गेले, तसे उन्हात निवांत पडणे सुखवस्तूपणाचे लक्षण ठरले, आणि 1920च्या दशकात फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेलच्या प्रभावाने त्याची फॅशन झाली. मला विशेष वाटते ते हे, की या ओढीला वैद्यकशास्त्राचेही पाठबळ होते: प्रकाशोपचारांसाठी डॉक्टर नील्स फिन्सेन यांना 1903 मध्ये नोबेल मिळाले होते, आणि ऊन म्हणजे आरोग्य हे समीकरण मनात रुजायला तो काळ अनुकूल होता. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सूर्याची किरणे 1992 मध्ये आणि टॅनिंगची उपकरणे 2009 मध्ये निश्चित कर्करोगकारकांच्या गटात ठेवली, तरी ती जुनी ओढ सुटलेली नाही. आरशातले कौतुक आठवड्याभरात पदरात पडते, तर आजाराला अनेकदा वीस-तीस वर्षे लागतात. विशीतल्या माणसाला एवढे लांबचे भय वाटत नाही, हे मी जाणतो. म्हणूनच हे आग्रहाने लिहीत आहे.

ऊन टाळून घरात बसावे, असे मी सांगत नाही. उन्हातील अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा अतिनील निर्देशांक तीन किंवा त्याहून अधिक असेल तेव्हा सावली, अंगभर कपडे आणि टोपी यांचा आधार घ्यावा, आणि किमान 30 एसपीएफचे सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावावे. मात्र ते लावले म्हणून उन्हात अधिक वेळ राहण्याची मुभा मिळाली, असे समजू नये. रंग हवाच असेल, तर वरच्या मृत थराला रंगवणारी क्रीम मिळतात; त्यांनी उन्हापासून बचाव होत नाही, पण टॅनिंग बेडपेक्षा ती नक्कीच बरी.

खांद्यावरच्या तिळाची कड अलीकडे वेडीवाकडी झाल्याचे तू ओझरते लिहिले आहेस. तेवढे मात्र सुट्टीनंतरवर ढकलू नकोस. मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग लवकर लक्षात आला तर बहुतेक वेळा छोट्या शस्त्रक्रियेने पूर्ण बरा होतो. तुझा तीळ निरुपद्रवीही असेल, पण ते त्वचारोगतज्ज्ञांनाच ठरवू दे, आणि ते काय म्हणाले हे मला त्याच दिवशी कळव.

तुझ्या काळजीत,
तुझे सर