फ्रेड फ्रिथसारखी गिटार टेबलावर आडवी ठेवून, तिच्यावर दाणे टाकून गॅदरिंगमध्ये वाजवायची असेल तर काय काय लागेल?

तुमचा प्रश्न असा आहे: ‘स्टेप अक्रॉस द बॉर्डर’ हा इंग्रज प्रयोगशील गिटारवादक फ्रेड फ्रिथवरचा चित्रपट पाहिला, मग त्याच्या मैफलींचे व्हिडिओ पाहिले, आता तसं पंधरा मिनिटं लातूरच्या कॉलेजच्या गॅदरिंगला करायचंय. गिटार जुनी इलेक्ट्रिक, साउंड मंडपवाल्याचा. लोक हसतील अशी भीतीही तुम्ही लिहिली आहे.

भीतीचं आधी बघू, कारण तिचं कारण तांत्रिक आहे. निकोलस हुम्बर्ट आणि वेर्नर पेन्झेल यांचा हा १९९० चा कृष्णधवल चित्रपट नव्वद मिनिटं फ्रिथच्या मागे फिरतो. कॅमेरा जवळ जातो, म्हणून हात दिसतो आणि आवाज कुठून आला ते कळतं. सभागृहात मात्र आडवी गिटार तिसऱ्या रांगेपलीकडे कुणालाच दिसत नाही. माणूस टेबलावर वाकून काहीतरी खुडबुड करतोय एवढंच दिसतं, आणि मग हसू येतंच. त्यामुळे हात पडद्यावर दाखवणं हा कार्यक्रमाचाच भाग धरा. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडे एचडीएमआय निघणारा कॅमेरा असतो. तो माइकच्या बूम स्टँडवर नको, जड ट्रायपॉडवर घ्या आणि टेबलाच्या वर तीन-चार फुटांवरून खाली रोखा. एलईडी वॉलपर्यंत केबलच ओढा. वायरलेसवर चित्र मागे पडतं आणि दाणा पडल्यावर आवाज आधी, हात नंतर असं होतं. फोन वापरणार असाल तर आधी तपासा, सगळ्याच फोनच्या पोर्टमधून व्हिडिओ बाहेर येत नाही.

आता गिटार. गिटार टेबलावर आडवी ठेवण्याची वाट एएमएम या इंग्लंडमधल्या प्रयोगशील वाद्यगटाच्या कीथ रोनं साठच्या दशकातच पाडली होती. फ्रिथनं १९७४ च्या ‘गिटार सोलोज’साठी १९३६ ची गिब्सन घेतली आणि नटजवळ, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात तिथे, तारांवर एक जादा पिकअप (तारेचं हलणं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) बसवला. कारण साधं आहे. तार फ्रेटवर दाबली की तिचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही वाजतात, पण नेहमीचे पिकअप फक्त ब्रिजकडचा तुकडा ऐकतात. त्यानं दुसरा तुकडाही ऐकवला, मध्ये कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून एका गिटारच्या दोन केल्या आणि तारांना क्रोकोडाइल क्लिपा लावल्या. पडद्यावर विक्षिप्त वाटणाऱ्या पुष्कळ गोष्टींचं मूळ या एका पिकअपमध्ये आहे.

तुम्हाला गिटार कोरायची गरज नाही. २७ मिलिमीटरच्या दोन पिएझो चकत्या (कंपनाची वीज करणाऱ्या पातळ चकत्या) घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी स्वस्त मिळतात. एक ब्रिजशेजारी बॉडीवर, दुसरी हेडस्टॉकच्या मागे, इन्सुलेशन टेपनं घट्ट चिकटवा. वायर शील्डेडच हवी. डाग देताना चकतीच्या पांढऱ्या थरावर सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, थर उखडतो. पिएझो लागतो कारण मॅग्नेटिक पिकअपला फक्त पोलादी तार हललेली कळते. लाकडावर पडलेला दाणा त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. साउंडवाला पिएझोची वायर थेट मिक्सरच्या लाइनमध्ये खुपसतो आणि पत्र्यासारखा आवाज येतो. दोष चकतीचा नसतो. तिची कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) साधारण २० नॅनोफॅरड असते. समोर १० किलो-ओहमचं इनपुट आलं की ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळायला लागतं. एक मेगाओहम मिळालं तर ही सीमा ८ हर्ट्झवर उतरते. त्यासाठी अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा डबा, मागा. तो नसेल तर बॉस कंपनीचं कुठलंही बफर असलेलं पेडल, वीज चालू पण इफेक्ट बंद ठेवून, मध्ये जोडा, त्याचं इनपुट साधारण एक मेगाओहमचं असतं. प्रत्येक चकतीला वेगळं चॅनेल द्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. ८०-१०० हर्ट्झखालचं कापा, नाहीतर टेबलाचा प्रत्येक धक्का सबवूफरमधून धडधडेल. टेबल जड घ्या, त्यावर सतरंजीची चौपदरी घडी आणि मग गिटार.

दाण्यांचं. फ्रिथ तांदूळ, सुक्या शेंगांचे दाणे, छर्रे असं बरंच टाकतो. तांदूळ हलका, त्याचा आवाज रिमझिम पावसाचा. आपल्याकडे त्याहून चांगला माल आहे. ज्वारी गोल, ती तारेवरून दोनदा-तीनदा उसळते. करडई टणक, तिचा टिचटिच आवाज सुटा ऐकू येतो. तूर जड, जाड तारांना ती हलवते. एका वेळी मूठभर, साधारण ५० ग्रॅम, वीस-तीस सेंटिमीटरवरून सोडा. आधी पिकअपच्या फटी आणि व्हॉल्यूमच्या बटणांभोवती कागदी टेप लावा. सायकलचे छर्रे पिकअपपासून लांब, मानेच्या बाजूला टाका, लोहचुंबकाला चिकटले की तारेखाली अडकून बसतात.

आणि धान्य स्टेजवर सांडलेलं आपल्या भागात लोकांना खुपतं, रास्तच खुपतं. टेबलाखाली स्वच्छ चादर अंथरा, शेवटी चारी टोकं धरून उचला आणि दाणे पाखरांना टाका. निवेदकाला हे आधीच सांगायला लावा.

तारांमध्ये घालायच्या वस्तू चारच ठेवा. ६४८ मिलिमीटरच्या तारेला बरोबर मध्यावर, म्हणजे बाराव्या फ्रेटवर, क्लिप लावली तर घंटेसारखा स्वच्छ आवाज येतो. दोन-तीन सेंटिमीटर सरकवली की टोल्यासारखा, सूर न सांगता येणारा. तारांखाली आडवा स्क्रूड्रायव्हर सरकवायचा तर आधी सगळ्या तारा एक-दोन सूर उतरवा. तार उचलली की ताण वाढतो आणि पहिली तुटते. व्हायोलिनच्या गजानं फक्त कडेच्या दोन तारा वाजतात, कारण गिटारचा ब्रिज जवळजवळ सपाट असतो. मधल्या तारांसाठी मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याला राळ चोळा, तो तारेखालून ओवा आणि दोन्ही टोकं धरून ओढा. सगळ्यात लांब टिकणारा सूर यातूनच मिळतो. चौथी वस्तू रंगाऱ्याचा एक इंची ब्रश.

गुणगुण आली तर आधी एलईडी वॉलपासून टेबल लांब न्या. अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावर लावा. गुणगुण जाते म्हणून अर्थिंगची पिन काढणारे भेटतील, त्यांना हात लावू देऊ नका. जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात तर मुळीच नाही.

पाहायला एक अजून सुचवतो: ‘टच द साउंड’, थॉमस रीडेल्सहाइमर, २००४. त्यात फ्रिथ आणि तालवादक एव्हलिन ग्लेनी जर्मनीतल्या एका बंद साखर कारखान्यात वाजवतात. ते ध्वनिमुद्रण २००७ मध्ये ‘द शुगर फॅक्टरी’ नावानंच आलं. बंद कारखाना आपल्याला नवा नाही, पण त्याच्या रिकाम्या शेडचा घुमारा वाद्य म्हणून कसा वापरायचा ते तिथे दिसतं. तुमच्या सभागृहाचा घुमारा रिहर्सलला टाळी वाजवून ऐका. जास्त असेल तर दाण्यांमध्ये जास्त अंतर ठेवा.

सुरुवात दाण्यांनी करू नका. पहिली तीन मिनिटं एकच तार, एकच दोरा. तुणतुणं ऐकत वाढलेल्या माणसाला एका तारेचं नवल वाटत नाही, तो ऐकायला बसतो. मग क्लिपा, मग ब्रश, आणि ज्वारी दहाव्या मिनिटाला. क्लिपा काढताना चॅनेल खाली ओढायला एक मित्र मिक्सरपाशी उभा ठेवा. सुटलेल्या क्लिपेचा फटका स्पीकरला सोसत नाही.