एच-वन-बी वर येताय? विम्याची झळ नेमकी कुठे लागते

एच-वन-बी वर (अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा) बायको-मुलासह न्यू जर्सीला येताय, पुढे आईबाबांनाही बोलवायचंय, आणि आरोग्य विम्यातल्या सरकारी कपातीच्या बातम्या वाचून धास्ती बसलीये, असं तुम्ही लिहिलंय. लगेच काही बिघडणार नाही. तुमचा विमा कंपनी देणार. नोकरी गेली की मात्र या कपातीशी गाठ पडते.

तेव्हा व्हिसाचे ६० दिवस (तेवढ्यात नवी नोकरी शोधा, नाहीतर देश सोडा) सगळ्यांना पाठ असतात, विम्याकडे कुणी बघत नाही. कोब्रा, म्हणजे नोकरी गेल्यावर कंपनीचा विमा स्वतः पैसे भरून चालू ठेवायची सोय, घेतलं तर तोच विमा साधारण १८ महिने चालू राहतो, पण कंपनी भरायची तो वाटाही तुमच्याच खिशातून, वर २ टक्के. आकडा बघून डोळे पांढरे होतात. एक सोय आहे: कोब्रा घ्यायचं की नाही हे ठरवायला ६० दिवस असतात, आणि उशिरा घेतलं तरी मागच्या तारखेपासून लागू होतं. अर्थात हप्तेही मागचे भरावे लागतात.

दुसरी वाट ओबामाकेअरची, म्हणजे सरकारी बाजारातून स्वतः विमा घ्यायची. तिथल्या हप्त्यावरची सरकारी सवलत २०२१ मध्ये वाढवली होती, भांडण तिच्यावरून. डेमोक्रॅट म्हणत मुदत वाढवा, रिपब्लिकन म्हणत आधी सरकार चालू करा, मग बघू. या भांडणात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये ४३ दिवस केंद्र सरकार ठप्प होतं. शेवटी ते उघडलं, वाढीव सवलत मात्र ३१ डिसेंबरला संपली. आपल्याला त्याहून झोंबणारं कलम ट्रम्प यांनी ४ जुलै २०२५ ला सही केलेल्या कायद्यात आहे: २०२७ पासून उरलेली सवलतही, थोडे अपवाद सोडले तर, नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच. कर मात्र आपण पूर्ण भरायचा! मतदान नाही, त्यामुळे आपली बाजू मांडायची कुणालाच घाई नाही.

मेडिकेडला (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) आता महिन्याला ८० तास कामाची अट येतेय, पण ते तुमच्यापर्यंत पोचतच नाही. ग्रीनकार्ड मिळाल्यावरही बहुतेक मोठ्या माणसांना पाच वर्षं थांबावं लागतं.

आईबाबांचं जपून ठरवा. पासष्टी झाली म्हणून मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) मिळत नाही. इथे नोकरी न केलेल्यांना ग्रीनकार्ड आणि सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, शिवाय हप्ता भरावा लागतो. व्हिजिटर विमा जुनी दुखणी सहसा धरत नाही. बाबांना मधुमेह असेल तर आधी ते कलम वाचा.

ऑफर स्वीकारण्याआधी एचआरकडून प्लॅनचा कागद मागवा. पगारातून कुटुंबाचा किती हप्ता कापणार, डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी तुम्ही भरायची रक्कम) किती, वर्षाला जास्तीत जास्त किती भरावं लागेल, हे विचारा. आल्यावर डॉक्टरकडे जाऊन आलात की विमा कंपनीचं पत्र येईल, त्यावर मोठे आकडे आणि ‘हे बिल नाही’ असं छापलेलं असेल. ते बघून पैसे भरू नका. दवाखान्याचं बिल आलं की दोन्ही कागद ताडून मगच भरा.

आणि दातांची कामं निघण्याआधीच उरकून या. दातांचा विमा इथे बहुधा वेगळा असतो, आणि ठरावीक रकमेनंतर हात वर करतो.