हृदय बंद पडल्यावर हाडातून औषध देतात हे खरं आहे का? शिरेपेक्षा ते चांगलं का?

देतात, आणि त्यात अघोरी काही नाही. मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून बाळाचंच सांगतो.

नोकरीचं पहिलं वर्ष, ग्रामीण रुग्णालय. रात्री आठ महिन्यांचं बाळ आलं. दोन दिवस जुलाब, टाळू खोल गेलेली. टेबलावर ठेवलं आणि नाडी गेली. सिस्टरने छाती दाबायला घेतली, मी शीर शोधायला. हात, पाय, डोकं, सगळीकडे टोचून झालं. अंगात पाणीच नाही तर शीर दिसणार कुठून? हाडाच्या आतल्या शिरा मात्र अशा वेळीही मिटत नाहीत, आणि तिथे सोडलेलं औषध सरळ रक्तात जातं. फोनवर सरांना विचारलं तर म्हणाले, "शीरच बघ. हाडात सुई खुपसायला कसाई आहेस का?"

फोन ठेवला. हाडाची खास सुई नव्हती, १८ नंबरची एलपीची, म्हणजे पाठीच्या मणक्यातून पाणी काढायची, सुई घेतली. गुडघ्याखालच्या उंचवट्याच्या बोटभर खाली, आतल्या अंगाला नडगी सपाट लागते. तिथे पिळत पिळत दाबली, आणि एकदम हात मोकळा झाला. सोडली तरी सुई खिळ्यासारखी उभी. सहा किलोचं बाळ, म्हणून हृदय पुन्हा सुरू करायचं औषध, पातळ केलेलं अ‍ॅड्रेनॅलिन, ०.६ मिली, मागून सलाईन. दुसऱ्या डोसनंतर मांडीत नाडी लागली. मग १२० मिली सलाईन सिरिंजनेच ढकललं.

सर आजही म्हणतात, शीर मिळालीच असती. २०२४ मध्ये ब्रिटनचा मोठा अभ्यास आला, सहा हजारांवर प्रौढ रुग्णांचा. तीस दिवसांनी जिवंत: आधी हाडातून औषध द्यायचं ठरवलेले ४.५ टक्के, आधी शिरेतून ठरवलेले ५.१. म्हणजे हाडाने जास्त जीव वाचले नाहीत. सरांनी तो लगेच मला फॉरवर्ड केला. अहो सर, तो मोठ्यांचा, आणि त्यातला प्रश्न 'आधी काय' एवढाच. शीर मिळतच नाही तेव्हा काय, हा माझा प्रश्न होता.

तर मोठ्यांत आधी शीर, पटकन नाही मिळाली तर हाड. मुलांत शिरेपायी वेळ घालवूच नये. हो, मोडलेल्या हाडात सुई घालत नाहीत, आणि घातलेली चोवीस तासांच्या आत काढतात. छाती दाबणं थांबलं तर यातलं काहीच उपयोगाचं नाही.

त्या बाळाची सुई आम्ही सकाळीच काढली, कारण सरांनी येऊन पहिल्याच टोच्यात शीर लावली. तोवर हाडातून गेलेल्या सलाईनने शिरा भरल्या होत्या, एवढं मात्र ते कुणाला सांगत नाहीत.