कारण लिही, तारीख लिही

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा रात्री वाचले. त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो असतो तर ते सगळे तुझ्या विभागप्रमुखांवरच्या रागानेच भरले असते, म्हणून दोन दिवस जाऊ दिले. राग अजून पुरता ओसरलेला नाही, पण आता निदान मुद्द्याला धरून लिहिता येईल.

तुझी हकिगत मला समजली ती अशी. मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण पाचव्या दिवशी थंडी वाजून तापला, त्याचा रक्तदाब घसरला, लघवी कमी झाली. तू रक्ताचे दोन संच आणि लघवीचा नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, पाठवलास आणि तासाच्या आत मेरोपेनेम हे बहुतेक जंतूंवर चालणारे जोरकस प्रतिजैविक सुरू केलेस. वरिष्ठांच्या सांगण्यावरून त्याच्या जोडीला कोलिस्टिन हे अखेरचा उपाय म्हणून राखायचे प्रतिजैविकही आले. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला तेव्हा रक्तात आणि लघवीत एकच जंतू निघाला, ई. कोलाय, आणि तोही सेफ्ट्रियाक्सोन या साध्या प्रतिजैविकाला दाद देणारा, म्हणजे त्याने मरणारा. तोवर रुग्ण नीट बोलू लागला होता. राउंडला तू औषध बदलण्याचा विषय काढलास, तेव्हा विभागप्रमुखांकडून तुला उत्तर मिळाले की बरे वाटते आहे ना त्यांना, मग चालले आहे ते चालू दे, चौदा दिवस पूर्ण कर. आणि आता तू मला विचारतेस की समाजाच्या भल्यासाठी समोरच्या रुग्णाचा जीव पणाला लावण्याचा अधिकार डॉक्टरला आहे का.

हा प्रश्नच चुकीचा मांडला आहेस. तो तसा मांडायला तुला कोणी शिकवले असेल हे मी ओळखू शकतो, कारण मलाही तो तसाच शिकवला गेला होता. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, आणि अशा संसर्गांशी संबंधित मृत्यू ४९ लाख ५० हजारांच्या घरात होते, हे आकडे आपण व्याख्यानात ऐकतो, हळहळतो आणि वॉर्डात येऊन विसरतो, कारण ते आकडे ‘समाजाचे’ असतात आणि आपल्यासमोर पलंगावर एकच माणूस असतो. मी तुला समाजाबद्दल काहीही सांगणार नाही. मी त्या पलंगावरच्या माणसाबद्दलच बोलणार आहे.

आधी एवढे सांगतो की मेरोपेनेम सुरू केलेस ते योग्य केलेस. रक्तदाब कोसळलेला असताना रिपोर्टाची वाट बघत बसणारा डॉक्टर मला नको आहे. कल्चर आधी घेतलेस, हेही योग्य. त्याबद्दल पत्रात दोनदा खुलासा का केलास, कळले नाही. सुरू करणे हा अपराध नव्हता. चूक एवढीच झाली की सुरू करताना त्या औषधाच्या नावापुढे कोणी कारण लिहिले नाही आणि फेरविचाराची तारीख लिहिली नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला मी हे कंटाळा येईपर्यंत सांगितले आहे, आणि तुलाही सांगतो: कारण लिही, तारीख लिही.

आता त्या माणसाकडे ये. त्याच्या आतड्यात अब्जावधी जंतू नांदत आहेत आणि त्यांतले बहुतेक त्याच्या उपयोगाचे आहेत. मेरोपेनेमच्या प्रत्येक मात्रेबरोबर त्यांतले दाद देणारे मरतात, आणि ज्यांच्याजवळ ते औषध फोडणारे कार्बापेनेमेझ नावाचे विकर आधीपासूनच आहे, किंवा ज्यांच्या आवरणातली औषध आत शिरण्याची छिद्रे कमी झाली आहेत, असे मूठभर जंतू मोकळ्या रानात वाढत जातात. औषधाने प्रतिकार निर्माण होतो असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. प्रत्यक्षात औषध बहुतांशी निवड करते. शिवाय हा गुण प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर बसून एका जंतूकडून दुसऱ्याकडे, अगदी एका जातीकडून दुसऱ्या जातीकडे जातो. तेव्हा पंधराव्या दिवशी हाच माणूस पुन्हा तापला, तर त्या तापामागचा जंतू बहुधा त्याच्याच आतड्यातून आलेला असेल, आणि तो आपणच चौदा दिवस खतपाणी घालून वाढवलेला असेल. कोलिस्टिनने त्याच्या मूत्रपिंडांचे काय होईल ते वेगळेच. क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या जंतूचे जुलाब, रक्तातली कॅन्डिडा ही बुरशी, हे सगळे याच माणसाच्या वाट्याला येते; त्यासाठी समाजापर्यंत जावे लागत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. डोक्याला मार लागलेला एक तरुण माझ्याकडे व्हेंटिलेटरवर होता, बारावा दिवस चालू होता. श्वासनळीतल्या स्रावाच्या कल्चरमध्ये ॲसिनेटोबॅक्टर हा जंतू आला. त्याला ताप नव्हता, एक्स-रे आदल्या दिवसासारखाच होता, ऑक्सिजनची गरज वाढलेली नव्हती. पण रिपोर्टावर एकाखाली एक ‘आर’ची, म्हणजे लागू न पडणाऱ्या औषधांची, रांग होती आणि तळाशी कोलिस्टिनपुढे एकटा ‘एस’, म्हणजे लागू पडते, आणि ती रांग पाहून मी घाबरलो. तो जंतू तिथे नुसता वस्तीला होता, त्याने संसर्ग केलेला नव्हता. मी उपचार केले ते कागदावरच्या रिपोर्टावर. सहाव्या दिवशी क्रिएटिनिन चढले, म्हणजे मूत्रपिंडे बिघडू लागली, मग लघवी थांबली, मग डायलिसिससाठी मानेत लाइन घातली, आणि त्या लाइनवाटे रक्तात गेलेल्या जंतूने त्याला नेले. नंतर मी त्याचे केसपेपर घेऊन एकटा बसलो. औषधांच्या तक्त्यावर कोलिस्टिनचे नाव रोज नव्याने उतरवलेले होते, चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, कुठे निळ्या शाईत, कुठे काळ्या. कारण एकाही दिवशी लिहिलेले नव्हते. पहिले हस्ताक्षर माझे होते. बाकीच्या तिघांनी माझ्यावर विश्वास ठेवून ते नाव पुढे नेले होते.

तेव्हापासून मी हट्टी झालो, आणि त्या हट्टाबद्दल मला खंत नाही. कारण म्हणजे ‘ताप’ नव्हे. पांढऱ्या पेशी वाढल्या, सीआरपी हे रक्तातले दाहाचे माप वाढले, हीही कारणे नव्हेत. ती फार तर शंका आहेत. ‘कॅथेटरमुळे (लघवीसाठी घातलेल्या नळीमुळे) मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तदाब घसरलेला, जंतू अजून अज्ञात’ हे कारण झाले, कारण ते उद्या तपासून पाहता येते आणि खोटेही ठरवता येते. तारीख म्हणजे तिसरा दिवस. पहिली मात्रा दिल्यापासून अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांनी कल्चर हाती घेऊन पुन्हा उभे राहण्याची वेळ. त्या दिवशी चारच वाटा असतात: थांबवायचे, साधे करायचे, तेच ठेवायचे किंवा बदलायचे. तेच ठेवायला माझी हरकत कधीच नव्हती. न ठरवता तेच चालू राहायला आहे. म्हणून कारण लिही, तारीख लिही, आणि तू ड्यूटीवर नसशील त्या दिवशी दुसऱ्या कोणालाही तुझे अक्षर वाचून कळले पाहिजे की तुझ्या मनात काय होते.

चौदा दिवसांबद्दल. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात कमी मात्रेतल्या पेनिसिलिनमुळे जंतू निर्ढावतील असा इशारा दिला होता, तो खराच होता. पण अपुरी मात्रा वाईट म्हणून जास्त दिवस चांगले, असा उलटा अर्थ आपल्या व्यवसायाने कसा कोण जाणे लावला आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळला. व्हेंटिलेटरवरच्या न्यूमोनियात आठ दिवसांचे उपचार पंधरा दिवसांच्या तोडीचे ठरतात, हे फ्रान्समधल्या अभ्यासाने २००३ मध्येच दाखवले होते. स्यूडोमोनाससारख्या जंतूंत मात्र संसर्ग उलटण्याचे प्रमाण कमी दिवसांच्या गटात जास्त दिसले, हेही त्यात होते आणि ते तू विसरायचे नाहीस. रक्तातल्या संसर्गाबद्दल २०२४ मध्ये ३६०० हून अधिक रुग्णांवरचा सात देशांतला ‘बॅलन्स’ अभ्यास आला, आणि त्यात सात दिवस घेतलेले रुग्ण चौदा दिवसवाल्यांपेक्षा जास्त दगावले नाहीत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचे रुग्ण त्यात धरलेले नव्हते, तेव्हा तो निष्कर्ष तिथे लावू नकोस. तुझ्या रुग्णाला मात्र तो लागू पडतो. चौदा हा आकडा दोन आठवड्यांतून आला आहे, जंतूंच्या कुठल्याही नियमातून आलेला नाही.

आणि कोलिस्टिन! हे १९५० च्या दशकाच्या अखेरीस वापरात आलेले औषध, मूत्रपिंडांवरच्या दुष्परिणामांमुळे १९७० च्या दशकात जवळजवळ टाकून दिलेले. मेरोपेनेम ज्या गटातले आहे ती कार्बापेनेम औषधेही चालेनाशी झाली तेव्हा आपण ते अडगळीतून परत आणले, कारण दुसरे काही उरले नव्हते. २०१५ मध्ये चीनमधून बातमी आली की त्यालाही न जुमानण्याचा गुण, एमसीआर-१ हे जनुक, प्लाझ्मिडवर बसून जंतूंमध्ये पसरतो आहे. इतक्या कष्टाने राखायचे औषध सेफ्ट्रियाक्सोनने मरणाऱ्या ई. कोलायवर तू दोन आठवडे ओतावेस, असे तुला सांगितले गेले.

तू विचारशील की औषध साधे केल्यावर रुग्ण दगावला तर. झाले आहे तसे, माझ्याकडेच. एका वयस्कर बाईंचे औषध मी चौथ्या दिवशी रिपोर्टाप्रमाणे साधे केले आणि नवव्या दिवशी त्या अचानक गेल्या. शवविच्छेदनात फुप्फुसाच्या धमनीत मोठी गुठळी सापडली. रक्ताचे नंतरचे कल्चर दोन्ही वेळा निर्जंतुक होते. तरीही त्या रुग्णालयात पुढे कित्येक महिने माझ्या माघारी ‘औषध काढून घेणारा डॉक्टर’ असेच म्हटले गेले, आणि मृत्यूंच्या आढावा बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारले की चालू ठेवले असते तर तुमचे काय बिघडले असते. मी तेव्हा गप्प बसलो. बसायला नको होते. मेरोपेनेमने गुठळी विरघळत नाही, एवढे एक वाक्य मी उभे राहून म्हणायला हवे होते, आणि त्या तक्त्यावर माझे कारण आणि माझी तारीख स्वच्छ अक्षरांत लिहिलेली होती, ती सर्वांसमोर ठेवायला हवी होती. आजही तशीच रुग्ण आली तर मी चौथ्या दिवशी तेच करीन. हे मी तुला सांगतो आहे की त्या बैठकीला, हे मला नेमके सांगता येणार नाही; पण जे चालू ठेवले म्हणून दगावतात त्यांच्यासाठी अशी बैठक कोणी बोलावत नाही, हे तुझ्या लक्षात असू दे.

विभागप्रमुखांशी राउंडमध्ये सर्वांदेखत वाद घालू नकोस. चुकीचे वागतात म्हणून ते वाईट डॉक्टर आहेत असे नाही. त्यांनीही कुठेतरी एखादा रुग्ण गमावलेला असेल आणि ती भीती त्यांच्या बोलण्यात उतरत असेल. दुपारी रिपोर्ट घेऊन त्यांच्या खोलीत जा. त्याआधी प्रयोगशाळेत स्वतः जाऊन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना भेट आणि ती काचेची बशी डोळ्यांनी बघ: औषधाच्या चकतीभोवती जंतू न उगवलेले स्वच्छ वर्तुळ किती रुंद पडले आहे, हे एकदा पाहिले की छापील ‘एस’वर बोलण्यापेक्षा वेगळा ठामपणा येतो. मग विभागप्रमुखांना सांग की रक्तदाब स्थिर आहे, संसर्गाचा उगम कळला आहे, जंतू कळला आहे, तो रक्तात आणि लघवीत एकच आहे, आणि म्हणून आजपासून सेफ्ट्रियाक्सोन, एकूण सात दिवस. ते नाही म्हणाले तर त्यांना एवढीच विनंती कर की पुढे चालू ठेवण्याचे कारण आणि पुढच्या फेरविचाराची तारीख त्यांनी स्वतः तक्त्यावर लिहावी. माझा अनुभव असा की लिहायला पेन उघडल्यावर अर्ध्याहून अधिक वेळा माणूस थांबतो.

आता ज्या गोष्टीने मला तुझा राग आला ती. चार पानी पत्रात तू औषधांची सगळी नावे लिहिलीस, मात्रा लिहिल्यास, वाद लिहिलास. तो मूत्रमार्गातला कॅथेटर कधी घातला, कशासाठी घातला आणि अजून आहे का, याबद्दल एक ओळ नाही. संसर्ग तिथून आला ना? रबराच्या त्या नळीच्या आतल्या पृष्ठभागावर जंतू चिकट थर करून बसतात आणि त्या थरात औषध धड पोहोचत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी घातलेली नळी पाचव्या दिवशीही असेल, तर ती बहुधा फक्त कोणी विचारले नाही म्हणून. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी सेंट्रल लाइनच्या, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या, संसर्गावर केलेले काम २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. हात धुणे, लाइन घालताना पूर्ण निर्जंतुक आच्छादन, त्वचेला क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक, जांघेतली जागा टाळणे आणि गरज संपताच लाइन काढणे, एवढ्यावर दीड वर्षात संसर्गाचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशांनी घटले. त्यात एकही नवे औषध नव्हते. माझे म्हणणे औषधापुरते आहे असे समजू नकोस. प्रत्येक नळीलाही कारण लिही, तारीख लिही. जी नळी आत नाही तिच्यातून संसर्ग होत नाही, आणि जो संसर्ग झाला नाही त्यासाठी मेरोपेनेम लागत नाही.

उद्या राउंडच्या आधी रुग्णाच्या पलंगापाशी जा. हातांना अल्कोहोलचे द्रावण लाव, वीस-तीस सेकंद नीट चोळून कोरडे होऊ दे, आणि चादर बाजूला करून बघ. कॅथेटर अजून असेल तर तो कशासाठी ठेवला आहे हे ड्यूटीवरच्या सिस्टरना विचार. त्यांनाही कारण माहीत नसेल आणि तुलाही सापडले नाही, तर तिथल्या तिथे काढ, काढल्याची वेळ तक्त्यावर लिही आणि रुग्णाला आपणहून लघवी कधी झाली ते मला संध्याकाळी कळव.

तुझा,
सर